जित्या फोटोला हार

हार झेंडूचा होता, ताजा होता, मधोमध पांढऱ्या शेवंतीचा गोंडा होता आणि तो तुळजाबाईच्या चित्राला घातलेला होता. तुळजाबाई त्या चित्रासमोर उभी होती. धडधाकट. अंगावर चित्रात आहे तेच जांभळं इरकल, खास आजच्यासाठी पेटीतून काढलेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेला नव्हता.

“शिवकांता,” तिनं धाकट्या सुनेला हाक मारली, “मला जरा चिमटा काढ गं.”

“कामून, आत्याबाई?”

“काढ म्हणते ना. मी हाय का गेले, ते तरी कळू दे.”

शिवकांतानं वर बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. चित्राखाली पांढरी चिठ्ठी लावली होती. तिनं ती वाचली, मग परत वाचली.

“काय लिवलंय?”

“राहू द्या ना, आत्याबाई.”

“वाच!”

“अनामिक स्त्री,” शिवकांता हळूच म्हणाली. “दिवंगत.”

दिवंगत म्हणजे काय हे तुळजाबाईला कुणी सांगायला नको होतं. नवऱ्यानं जन्मभर दिवंगतांचीच तोंडं रंगवली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आणि ती केवढ्या हौसेनं आली होती! पहाटे निलंग्याहून जीप निघाली तेव्हा सगळ्यात आधी आंघोळ करून ओसरीवर तीच बसली होती. नांदेडात पहिल्यांदाच कला मेळा भरला होता. मुंबई-पुण्याच्या गॅलऱ्यांनी मोंढ्याच्या मैदानावर मांडव टाकून आत पांढऱ्या भिंतींची दालनं थाटली होती. त्यातल्या एका बड्या गॅलरीनं जुन्या आणि नव्या चित्रकारांचं मिळून एक दालन मांडलं होतं. जुन्यांत तिचा वारलेला नवरा, सटवाजी पेंटर. नव्यांत थोरला मुलगा वैजनाथ याची लेक आरती. आजा आणि नात एका छताखाली! दसऱ्याला घर काढलं, भांडीकुंडी, वाकळा सगळं धुवायला बाहेर आलं, तेव्हा वैजनाथ लातूरहून टेम्पो घेऊन आला होता. आबांची, म्हणजे बापाची, सगळी चित्रं त्यानं गोळा केली. मग तो आतल्या खोलीत गेला, कणगीच्या वर टांगलेल्या या एका चित्रापाशी थांबला आणि म्हणाला, “माय, हेबी दे. लोकं बघतील तुला.”

लोकं बघतील तुला. तिनं पदरानं काच पुसून स्वतःच्या हातानं चित्र त्याच्या हातात दिलं होतं.

आता लोक बघत होते. दालनाच्या दोन भिंतींवर सटवाजीची चित्रं होती आणि प्रत्येक चित्राला एकसारखा हार. तुळजाबाईनं एकेक तोंड ओळखलं. हे केरबा, विहिरीत पडून गेले ते. ह्या यशोदाबाई, बाळंतपणात गेल्या. हे व्यंकटराव, ह्यांच्या तेरवीला अख्खं गाव जेवलं होतं. निलंगा तालुक्यात कुणी गेलं की तेरवीच्या आत घरचे सटवाजीकडं यायचे. कुणी रेशनकार्डावरचा फोटो आणायचं, कुणी लग्नातल्या घोळक्यातलं बोटाएवढं तोंड दाखवायचं, आणि सटवाजी त्यावरून हातभर तसबीर करून द्यायचा. ज्यांची माणसं नंतर न्यायला आली नाहीत त्यांच्या तसबिरी घरातच राहिल्या. त्यांना हार घाला, उदबत्ती लावा, कोण काय म्हणणार?

पण ही तसबीर त्यातली नव्हती. एवढ्या मोठ्या मुलखात ही एकच तसबीर त्यातली नव्हती!

सटवाजीनं कुणाच्या तोंडाकडं निरखून बघितलं की माणूस धास्तावायचा. जिता माणूस त्याच्या पुढ्यात बसायला तयार नसायचा. सरपंचानं मोठ्या तोऱ्यात चित्र सांगितलं आणि स्वतः न येता फोटो पाठवून दिला. एकदा जेवताना सटवाजी हातातला घास तसाच धरून म्हणाला होता, “तुळजे, आयुष्यभर मेलेले डोळे रंगवले. एकदा जिता डोळा रंगवावा वाटतो. मी त्याच्याकडं बघावं, त्यानं मपल्याकडं बघावं.” सासूनं कानावर हात ठेवले. जावा म्हणाल्या, वेडी हायस का, असलं कुणी करतं का? तुळजाबाई दुसऱ्या दिवशी दुपारी जांभळं इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून खिडकीपाशी जाऊन बसली. नाकावर माशी बसत होती, नवरा “हलू नको” म्हणून ओरडत होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं. ते हसू त्यानं ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जसंच्या तसं पकडलं होतं. इथल्या कुठल्याच तसबिरीत असं हसू नव्हतं. असणार कुठून?

आणि नेमका त्या हसण्यावरच झेंडू लोंबत होता.

तेवढ्यात गळ्यात पिशवी अडकवलेली एक बाई आली, चित्रासमोर थांबली, हात जोडले आणि सोबतच्या बाईला म्हणाली, “कुंकू बघ किती छान. भाग्याची बाई, सवाष्ण गेली.”

“न्हाई गेले,” तुळजाबाई म्हणाली. “इथंच हाय.”

बाईनं चित्राकडं बघितलं, तुळजाबाईकडं बघितलं, इरकलाकडं बघितलं आणि अगं आई गं म्हणत जी निघाली ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत थांबली नाही.

“सुदर्शनला बलाव,” तुळजाबाई म्हणाली. “आन् त्या वैजनाथालाबी. दोघंबी लेक पुढ्यात पाहिजेत मला.”

सुदर्शन, धाकटा, शेती बघणारा, चहाचा कप हातात घेऊनच आला. चित्र बघून कप खाली ठेवायचं विसरला. “आयला! हे कुणी केलं? दादाला म्हणलं व्हतं मी, आबाची चित्रं शहरातल्या लोकांच्या हातात देऊ नको म्हून. ऐकलं का त्यानं? थोरला ना तो!”

थोरला मागून आलाच. लातूरला फ्लेक्स छपाईचं दुकान, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याच्या चेहऱ्यावरून तुळजाबाईला एक कळलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. वैजनाथाला धक्का बसला नव्हता.

“माय, इथं नको,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “बाहेर चल, मी समदं सांगतो.”

“इथंच सांग. हार इथं हाय.”

“अगं, देवणीकर साहेबानं इचारलं, ही समदी वारलेली माणसं का? मी म्हणलं, हाव, आबा मयतांचीच काढायचे. तवा हे चित्र ध्यानातच न्हाई आलं.”

“मंग ध्यानात कधी आलं?”

वैजनाथानं रुमालानं मान पुसली.

“मी इचारते, कधी आलं ध्यानात?”

“काय झालं? काही अडचण आहे का?” असं म्हणत स्वतः देवणीकरच आले. खादीचा लांब कुडता, गोल चष्मा, आवाज लोण्यासारखा. गॅलरी त्यांची. आजोबा देवणीचे, पण घर दोन पिढ्यांपासून पुण्यात. दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर त्यांची म्हातारी आई संत्रं सोलत बसली होती. मुलानं तिला मुद्दाम गाव दाखवायला आणलं होतं.

“हे साहेब,” वैजनाथ घाईनं म्हणाला, “आन् ही मपली माय.”

देवणीकरांनी चष्म्यातून तुळजाबाईकडं पाहिलं, मग चित्राकडं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा! म्हणजे या त्याच? अहो वैजनाथराव, तुम्ही बोलला नाहीत! आजी, तुमचं हे चित्र आमच्या दालनातलं सर्वांत सुंदर चित्र आहे.”

“मंग त्याला मारलं कामून?”

“नाही, नाही, तसं नाही. हे बघा,” देवणीकर समजुतीच्या सुरात बोलू लागले. लहान मुलाला गोळी द्यावी तसा सूर होता तो. “या मालिकेचं नाव ‘गैरहजर’. जी माणसं आता नाहीत, त्यांची ही भिंत. हार म्हणजे इथं शोक नाही. ती एक मांडणी आहे. नुसती मांडणी. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.”

“मी हजर हाय.”

“हो, हो, अर्थातच. पण चित्रातली स्त्री ही आता चित्रातली स्त्री आहे, नाही का? आज दुपारी दिल्लीच्या संग्रहालयाची मंडळी येणार आहेत. एकाच चित्राचा हार काढला तर सगळी मालिका विस्कटते. उद्या मेळा संपला की आपण लगेच काढू. मी स्वतः काढतो.”

“म्हंजी आजच्या दिवस मी मेलेलीच राहू?”

देवणीकरांनी वैजनाथाकडं बघितलं. वैजनाथ पुढं झाला. “माय, जरा समजून घे की. दोन दिवसाचा सवाल हाय. आरतीला एक आख्खी भिंत मिळालीय. निलंग्याची पोरगी, कोण उभं करतंय तिला? साहेबांचं मन मोडलं तर तिचं काय?”

आरतीचं नाव निघालं आणि सुदर्शनचा जोर गेला. पुतणीवर त्याचा जीव. चहाचा कप या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, “तसं बघितलं तर दादाचंबी खोटं न्हाई, माय. पोरीचं नुकसान नको व्हायला. आपल्याला ठाव हाय ना तू जिती हायस, मंग झालं.”

“काय झालं?” शिवकांता कडाडली. सासूशी तिचं कधी पटलं नव्हतं. चुलीपासून बांधापर्यंत दोघींची रोज खडाजंगी. पण आज तिचा आवाज सासूच्या बाजूनं चढला. “काय झालं वं? तुमच्या फोटोला घालू का हार दोन दिवस? आमाला ठाव हाय ना तुमी जिते हायत!” मग ती थोरल्या दिराकडं वळली. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि कधी मान वर करून बोलली नव्हती. “आन् दादा, तुमी तर लेक त्यांचे. बघवतं तरी कसं तुमाला?”

सुदर्शन आपल्या बायकोकडं बघतच राहिला. वैजनाथानं मान फिरवली.

तुळजाबाईनं सुनेचा हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला. आणि तिला एकदम बरं वाटलं.

“आरती कुठाय?” तिनं विचारलं.

आरती पलीकडच्या भिंतीपाशी होती. तिची चित्रं मोठमोठी, सगळी एसटीतल्या सीटांची. फाटलेल्या, खिळे निघालेल्या, रेघोट्या मारलेल्या रिकाम्या सीटा. माणूस एकही नाही. मघाशी आत येताना तुळजाबाईनं ती कौतुकानं बघितली होती आणि “यातली लोकं कुठं उतरली गं?” म्हणून विचारलंही होतं. तेव्हा आरती हसली नव्हती. का हसली नव्हती ते आता कळत होतं.

“इकडं ये. सकाळपासून इथं हायस तू. हे बघितलं व्हतंस?”

“आजी…”

“हाव का न्हाई?”

“हाव.” आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी सरांना म्हणणार व्हते. पण दुपारी ती मंडळी येणार… मला वाटलं तू इतकं बघणार न्हाईस. नुसती चालत जाशील पुढं.”

“नुसती चालत जाईन? स्वतःच्या मरणावरून?” तुळजाबाईचा आवाज फाटला. “तुपल्या आज्यानं जिंदगीत एकच जितं माणूस काढलं, पोरी. ते मी बसले म्हून. समदे न्हाई म्हणत असताना बसले. आन् तू रंग-ब्रश शिकलीस, तुला ते हसू दिसलं न्हाई? झेंडूच दिसला?”

आरती मान खाली घालून उभी राहिली. आसपास माणसं जमली होती. देवणीकर हळूच म्हणाले, “वैजनाथराव, आईंना जरा बाहेर बसवता का? मोकळ्या हवेत?”

आणि वैजनाथानं खरोखरच आईच्या दंडाला हात घातला.

“सोड,” ती म्हणाली. “मी मपल्या पायानं जाते.”

ती दालनाच्या तोंडाशी गेली. तिथं उभा फ्लेक्स होता, पुरुषभर उंचीचा. सकाळी गर्दीत तिनं तो नीट पाहिला नव्हता. आता पाहिला. वर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं, खाली ओळीनं तोंडं. केरबा, यशोदाबाई, व्यंकटराव. आणि मधोमध तिचं स्वतःचं तोंड, चांगलं परातीएवढं.

“शिवकांता, वर काय लिवलंय?”

“जे आता नाहीत,” शिवकांता म्हणाली. मग ती वाकली आणि खालच्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीवर तिनं बोट ठेवलं. “आत्याबाई… हे आपल्याच दुकानाचं नाव हाय.”

तुळजाबाई वळली. वैजनाथ तिथंच उभा होता, हातात रुमाल.

“तुपल्या मशीनीवर छापलंस?”

“माय…”

“तुपल्या मशीनीवर, तुपल्या डोळ्यांपुढून, मपलं तोंड बाहेर आलं. वर लिवलेलं वाचलंस. आन् मशीन बंद न्हाई केलीस?”

“ऑर्डर व्हती, माय,” वैजनाथ म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण त्यानं रुमाल तोंडावर धरला.

त्या फ्लेक्सवर खाली आणखी एक तोंड होतं. गोल चष्मा, जोडलेले हात, बाजूला ‘स्वागतोत्सुक’. देवणीकरांनी सांगितलं नव्हतं, पण लातूरच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या फोटोशिवाय फ्लेक्स बाहेर पडायची रीतच नव्हती. वैजनाथानं सवयीनं टाकला होता. देवणीकर तो बघून ओशाळले होते, पण छापून आलाय तर राहू दे म्हणून गप्प बसले होते.

तुळजाबाई त्या जोडलेल्या हातांकडं क्षणभर बघत राहिली. मग ती तरातरा आत गेली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं आपल्या चित्रावरचा हार काढला. ओठाचा डावा कोपरा मोकळा झाला. हार घेऊन ती बाहेर आली आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना चौकटीत ठोकलेल्या खिळ्यांना अडकवून, गोंडा नीट मधोमध येईल असा, तिनं तो देवणीकरांच्या फोटोला घातला.

“आजी, हे काय करताय?” देवणीकर म्हणाले. हसायचा प्रयत्न त्यांनी केला खरा.

“मांडणी,” तुळजाबाई म्हणाली.

समोरच्या वाटेनं एक धोतरवाले म्हातारे चालले होते. ते थबकले. त्यांनी टोपी काढली, फोटोला नमस्कार केला आणि सुदर्शनला हळूच विचारलं, “तरणेच दिसतात. कधी गेले वं?”

देवणीकरांच्या तोंडचं पाणी पळालं. “काढा! आधी काढा ते!” ते पुढं झाले, पण त्यांच्या आधी आतून कुणीतरी धावत आलं. संत्र्याच्या फोडी मांडीवरून सांडल्या, खुर्ची कलंडली. त्यांची आई! तिनं दोन्ही हातांनी तो हार ओरबाडला, खाली टाकला आणि मुलाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “अशुभ, अशुभ! कुणी घातला? कोण मेली ती? माझ्या जित्या लेकाला…”

“मी,” तुळजाबाई म्हणाली.

दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. देवणीकरांच्या आईचा ऊर धपापत होता.

“बाई, राग मानू नका,” तुळजाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, पण भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जात होता. “तुमच्या लेकाला हार घातलेला तुमाला घडीभर बघवला न्हाई. तुमी माय हायत. मला हार घातलेला मपल्या लेकानं बघितला. मला गेलेली म्हून छापलं. इथं आणून उभं केलं.”

वैजनाथ मटकन खाली बसला, फ्लेक्सच्या पायाशी, पांढऱ्या शर्टासकट मातीत. दोन्ही हातांत तोंड धरून तो हमसाहमशी रडू लागला. बापाच्या मातीला तो रडला नव्हता, तेव्हा थोरला म्हणून सगळं त्यालाच बघायचं होतं. आता रडत होता.

तुळजाबाईला वाटलं, जावं, डोक्यावरून हात फिरवावा. हात पुढं गेलाही. मग तिनं तो मागं घेतला.

देवणीकरांच्या आईनं चष्मा पुसला, आत जाऊन ते चित्र पाहिलं, परत बाहेर येऊन तुळजाबाईला पाहिलं आणि मुलाकडं वळली. “निखिल, ती चिठ्ठी काढ. तुझी दिल्लीची माणसं येऊ देत नाही तर न येऊ देत. आत्ता काढ.”

निखिल देवणीकर, पन्नाशीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा आत गेला आणि त्यानं चिठ्ठी काढली.

“दुसरी कोण लिहिणार?” म्हातारीनं विचारलं.

“आरती लिहील,” तुळजाबाई म्हणाली. “तिचं अक्षर चांगलंय.”

आरती डोळे पुसत आली. तिनं आजीपुढं हात जोडले. “आजी, माझं चुकलं.”

“ते घरी गेल्यावर बघू. लगेच माफ करायला मी काही फोटोतली न्हाई.”

शिवकांतानं कलंडलेली खुर्ची उचलली, पदरानं पुसली आणि चित्राच्या बरोब्बर खाली नेऊन ठेवली. तुळजाबाई तिच्यावर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, खिडकीपाशी बसली होती तशी.

“काय लिहू?” आरतीनं विचारलं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

“लिही, तुळजाबाई. निलंगा. रंगवणारा सटवाजी, तिचा नवरा.” ती थांबली. मांडवाच्या तोंडाशी दिल्लीची मंडळी येताना दिसत होती आणि देवणीकर त्यांच्या स्वागताला जाऊ की नको अशा पेचात उभे होते. “आन् खाली लिही, चित्राला हात जोडू नका. बाई खाली बसलीय, तिला नमस्कार करा.”